माळावरचे शंभर शब्द

मावसबहिणीच्या मुलानं घर बांधलं म्हणून मी सोलापूरला गेले होते. गावाबाहेर, पूर्वी नुसता माळ होता तिथं. जेवणं झाल्यावर हात धुवायला मागच्या अंगणात आले आणि तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. भिंतीला लागून काळा खडक जमिनीतून वर आला होता, बसलेल्या म्हशीच्या पाठीएवढा.

"गवंड्यांना फुटेना, मग राहू दिला," सून म्हणाली.

मी खडकावर तळहात ठेवला. चैत्राचं ऊन त्यात साठलेलं होतं. ह्याच खडकावर आम्ही परकर वाळत घालत होतो. इथून दहा पावलांवर आमची झोपडी होती आणि तिच्या दारातून गाव दिसायचं. नुसतं दिसायचं. कुठल्याही घरातून धूर निघत नसे.

त्या वर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि आठवड्याभरात उंदीर पडायला लागले. पहिला आमच्याच गल्लीत, आडापाशी. शेपटी ताठ, तोंडाशी रक्ताचा ठिपका. पाणी भरणाऱ्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि घरोघर गाठोडी बांधायला गेल्या. प्लेग त्यांना नवा नव्हता. चार दिवसांत पेठा ओस पडल्या. माळावर तुराट्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, वर कडब्याची छपरं आली. रात्री-बेरात्री रडणारी पोरं, चुलीतला ओला धूर, दारादारात जाळलेला कडुलिंबाचा पाला. तो कडू वास पुढं कितीतरी वर्षं माझ्या केसांना येत असे, असं मला वाटायचं.

गावात माणूस नव्हतं, तरी गिरणीचा भोंगा वेळेवर वाजे. सकाळी वाजे, दुपारी वाजे. रिकाम्या गल्ल्यांवरून फिरून तो माळावर पोचायचा, तेव्हा बायका हातातलं काम थांबवून गावाकडं बघायच्या. मग एकमेकींकडं न बघता पुन्हा कामाला लागायच्या.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि इंग्रजी दुसरीत शिकत होते. मुलींच्या शाळेत आम्हाला रिबेकाबाई शिकवायच्या. त्या नगरकडच्या ख्रिस्ती, पांढरं पातळ नेसणाऱ्या, उंच आवाजाच्या. त्यांनी वर्गात सांगितलं होतं की उन्हाळ्याआधी एक कॉम्पिटिशन होणार. हा शब्दच आम्हाला नवा होता. तो फळ्यावर लिहून बाईंनी त्याचे तुकडे पाडले आणि आम्ही ते चघळत घरी गेलो. शर्यती, सामने, बक्षिसं ह्यांच्याबद्दल बोलताना लागणारे शंभर इंग्रजी शब्द पाठ करायचे. स्पेलिंग, अर्थ आणि तोंडी वाक्य. जी पहिली येईल तिला चांदीचं मेडल, आणि पुण्याच्या शाळेत राहून-जेवून पुढचं शिक्षण फुकट.

बाई शब्द शिकवताना वर्गभर हिंडायच्या. 'प्राइज' आणि 'प्राइस' ह्यांतला फरक दाखवायला त्यांनी आम्हाला हात ओठांपुढं धरायला लावला होता. एकाच्या शेवटी माशी गुणगुणते, दुसऱ्याच्या शेवटी साप जातो, असं त्या म्हणायच्या. 'बीट' म्हणजे मारणं आणि 'बीट' म्हणजेच सामन्यात नमवणं. 'रनर-अप' हा शब्द ऐकून मला जिन्यावरून वर पळत जाणारी मुलगी दिसायची. ती कुठं पोचायची ते मात्र दिसायचं नाही.

ते शंभरही शब्द एका जुन्या पुस्तकात होते. बाजारात ते मिळत नव्हतं. एक प्रत बाईंकडं होती आणि एक आमच्या घरी. ती माझ्या अक्काची.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. शाळेत कायम पहिली यायची, असं सगळे सांगायचे. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती अक्कलकोटला गेली. जाताना तिनं पुस्तक नेलं नाही. तिथं कुणी वाचू दिलं नसतं. पुढं बाळंतपणाला ती माहेरी आली आणि मग दोन-अडीच महिने रोज दुपारी तिचा आणि माझा वेगळा वर्ग भरायचा. आमचं घर धाब्याचं. माजघराला खिडकी नव्हती, छताला एक झरोका होता आणि त्यातून उन्हाचा खांब खाली उतरायचा. त्या उजेडात पुस्तक धरून, सुजलेले पाय लांब करून अक्का बसायची. गुपचूप भाजकी माती खायची. तिच्या तोंडाला ओल्या मातीचा वास यायचा. मला अजून इंग्रजी अक्षरंसुद्धा येत नव्हती, पण ती मला इंग्रजी शब्द म्हणायला लावायची आणि चुकलं की न रागावता नुसती माझ्याकडं बघत राहायची, मी सुधारेपर्यंत.

एकदा ती म्हणाली, "हे बघ, गंमत आहे. आपल्यात हरणं निराळं आणि हरवणं निराळं. इंग्रजांकडं दोन्हीला एकच शब्द, लॉस्ट. म्हणजे त्यांच्यात जो हरतो, त्याला शोधायला जावं लागत असेल."

स्वतःच्याच बोलण्यावर ती खूप हसली. तिच्या हसण्यानं उन्हाच्या खांबातली धूळ हलली, हे मला स्पष्ट आठवतं. तिसऱ्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या आणि त्याच माजघरात ती गेली. बाळही गेलं. त्या गोष्टीला तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. तिला जिथं दिलं त्या घराबद्दलही कुणी बोलत नसे. फक्त मला अकरावं लागल्यापासून आण्णांकडं, माझ्या वडिलांकडं, कोणी कोणी माणसं यायला लागली होती आणि मला आतून पाणी घेऊन बाहेर पाठवलं जायचं.

मला पहिलं यायचं होतं ते त्यासाठी. मेडल मला नको होतं. पुण्याला गेलं की पाणी घेऊन बाहेर जावं लागणार नव्हतं.

माझ्यापुढं एकच मुलगी होती, राजम्मा. साखर पेठेतल्या विणकराची मुलगी. घरात तेलुगू, गल्लीत आमच्यासारखी मराठी, आणि इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा बरी. शाळा सुटली की ती मागावर बसलेल्या बापाला सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि चरख्याच्या तालावर स्पेलिंगं म्हणायची. तिच्या बोटांना सुताची कूस आणि सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास असायचा. ह्या वर्षानंतर तिची शाळा बंद होणार होती, ते ठरलेलंच होतं. तिच्याकडं पुस्तक नव्हतं. बाईंनीच सांगितलं, दोघींनी एक प्रत वापरा, आठवडा हिच्याकडं, आठवडा तिच्याकडं. आम्ही तशी वापरत होतो, आणि ती पुस्तक परत द्यायची तेव्हा त्याला तिच्या घरातल्या जुन्या धोतराचं कव्हर घातलेलं असायचं.

मग गाव उठलं. पुस्तक माझ्या आठवड्यात माझ्याकडं राहिलं. राजम्माची माणसं वळसंगच्या वाटेवरच्या झोपड्यांत गेली. आम्ही इकडं आलो. बाईंनी निरोप पाठवला की कॉम्पिटिशन होणारच. माळावरच्या लिंबाखाली होईल, ज्यांना जमेल त्यांनी यावं. आठवडा उलटला, दुसरा उलटला. पुस्तक माझ्या ट्रंकेत होतं. मी ते रोज काढून वाचत होते आणि कुणी येताना दिसलं की आत टाकत होते.

राजम्मा आली ती भर दुपारी. उन्हानं तिचा चेहरा तांबडा झाला होता आणि पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरले होते. मी खडकापाशी एकटीच होते.

"पुस्तक दे की," ती म्हणाली. "माझा आठवडा केव्हाच होऊन गेला."

"पुस्तक घरीच राहिलं," मी म्हणाले. "गावात."

ती माझ्याकडं बघत राहिली. "घरात कुठं?"

"माजघरात. कोनाड्यात." खोटं बोलताना जागासुद्धा सांगावीशी का वाटली, कोण जाणे. "पण आण्णांनी कुलूप लावलंय. मागचं दारही आतून बंद आहे."

"बघते की जाऊन," राजम्मा म्हणाली. "परवाच तर हाय कॉम्पिटिशन."

आणि ती गावाकडं चालायला लागली. मी तिला थांबवलं नाही. तिचा तांबडा परकर लहान लहान होत गेला आणि पहिल्या घरांच्या सावलीत शिरला. ती दारापर्यंत जाईल, कुलूप बघेल आणि परत येईल, एवढाच माझा हिशेब होता. मी वाट बघत बसले. खडकाची सावली माझ्या पायावरून पलीकडं गेली तरी ती आली नाही. तेव्हा मी उठले.

लिंबाखाली धुळाप्पा धनगर शेळ्या घेऊन बसला होता. रोज सकाळी आम्हाला दूध घालायचा तो हाच.

"कुटं चाललीस गं पोरी?"

"मैत्रीण गावात गेलीय. तिला बोलवायला."

"गावात कुणी न्हाय," तो म्हणाला. "दुपारच्याला जाऊ नगं. परवा माझं कोकरू चुकलं म्हणून शिरलो, तर एका घरातनं जात्याचा आवाज यायलाय. दाराला बगतो तर कुलूप. कोकरू तितंच सोडून आलो बग."

"मग कोण दळत होतं?"

"त्ये मी न्हाय इचारलं," तो म्हणाला आणि शेळ्यांकडं बघायला लागला.

मी तरी गेले. उन्हात गाव पांढरं दिसत होतं. दारादारांवर प्लेगवाल्यांनी चुन्यानं खुणा केल्या होत्या. फिनेलचा वास येत होता आणि त्याखाली आणखी एक गोडसर वास. एका ओट्यावर कुणाचं तरी ताट तसंच राहिलं होतं, त्यात भाकरीचा वाळून वाकलेला तुकडा. तुळशी जळून गेल्या होत्या. माझ्या पावलांचा आवाज भिंतींना लागून मागून यायचा, मी थांबले की एक पाऊल उशिरा थांबायचा. साखर पेठेकडून एरवी मागांचा खटखटाट ऐकू येत असे, तो नव्हता. तो नसल्यामुळं कान दुखत होते.

आमच्या दाराला कुलूप होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. आण्णांनी कडीला बांधलेली सुतळीही जागेवर होती, तिची गाठसुद्धा.

आणि आतून राजम्माचा आवाज येत होता.

"विन," ती म्हणाली. मग थांबली. "विन, वन, वन." पुन्हा थांबली. "चॅम्पियन." एखाद्यामागून म्हणावं तसं ती म्हणत होती. मधल्या जागा तेवढ्याच लांबीच्या होत्या, कुणीतरी आधी शब्द सांगावा एवढ्या. त्या जागांत मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी दाराला कान लावला. "रायव्हल... रायव्हल." मग ती हसली आणि म्हणाली, "परत सांगा की, अक्का."

मोठ्या बाईला तेलुगू माणसं अक्काच म्हणतात, हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात दाराच्या फटीतून वास आला. बाहेर पंधरा दिवसांत थेंब पडलेला नव्हता, आणि फटीतून ओल्या मातीचा वास येत होता.

मी पळाले. माळावर येईपर्यंत मागं पाहिलं नाही. आईनं विचारलं तेव्हा ऊन लागलं म्हणून सांगितलं आणि गोधडी डोक्यावरून घेऊन पडले. राजम्मा त्या दिवशी पुन्हा आमच्याकडं आली नाही.

तिसऱ्या दिवशी लिंबाखाली सतरंजी अंथरली. सात मुली आल्या होत्या. बाकीच्या कुठं आहेत, हे कुणी विचारलं नाही. बाई खुर्चीवर बसल्या, हातात त्यांची प्रत. मागं झोपड्यांतल्या बायका उभ्या होत्या, त्यांत माझी आईही होती. करमणूक म्हणून सगळ्या आल्या होत्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात निवडायचं सूप.

राजम्मा शेवटी आली. तिनं मला बघितलं आणि नेहमीसारखी हसली.

शब्द सुरू झाले. एकेक मुलगी चुकत गेली आणि सतरंजीवरून उठत गेली. जज, टाय, कप, रेस. 'क्लॅप' म्हटल्यावर मागच्या बायकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. शेवटी आम्ही दोघी उरलो. मी एकही चुकत नव्हते, तीही नाही. ती उत्तर द्यायच्या आधी किंचित थांबायची, मान तिरपी करून. दारातून ऐकलेल्या त्या थांबण्याएवढंच.

बाईंनी पुस्तक मिटलं. "आता एकच शब्द दोघींना. अर्थ सांगायचा, पुरा. आधी तू," त्या मला म्हणाल्या. "लॉस्ट."

मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. मला ते तीन वर्षांपासून ठाऊक होते. पण तोंडातून एकच निघाला. "हरवलेलं," मी म्हणाले आणि पुढं जीभ उचलेना.

"आणि?"

मी मान हलवली.

"राजम्मा?"

"हरलेलं, बाई. आणि हरवलेलं पण." ती थांबली, मान तिरपी केली. मग म्हणाली, "आपल्यात हरणं निराळं, हरवणं निराळं. त्यांच्यात एकच. म्हणजे त्यांच्यात जो हरतो, त्याला शोधायला जावं लागत असेल."

बाई हसल्या. "अगं, हे पुस्तकात नाही. कुणी शिकवलं तुला?"

राजम्मानं माझ्याकडं बोट केलं. "हिच्या अक्कानं."

मागं सूप पडल्याचा आवाज झाला. तांदूळ सतरंजीपर्यंत आले. मी वळून बघितलं नाही. आईच्या हातातलं सूप होतं ते, मला कळलं.

बाईंनी राजम्माचं नाव जाहीर केलं की नाही, टाळ्या वाजल्या की नाही, मला काही आठवत नाही. आईनं राजम्माला हाताला धरून झोपडीत नेलं आणि घोंगडीवर बसवलं. मी दारातच उभी राहिले. आई तिच्यापुढं उकिडवी बसली. ओरडेल, खोटारडी म्हणेल, असं मला वाटलं. तिनं हळू आवाजात विचारलं, "काय नेसली होती?"

"हिरवं लुगडं," राजम्मा म्हणाली. "पोटुशी हायत ना त्या? पाय लई सुजलेत. पसरून बसल्या होत्या."

आईनं लुगड्याचा पदर तोंडात धरला. थोड्या वेळानं काढला. "तू आत कशी गेलीस?"

"कडी वाजवली. अक्कानं आतून उघडलं."

"आणि कुलूप?"

"कुलूप नव्हतं की."

"काय म्हणाली?"

"पुस्तक मागितलं तर हसल्या. म्हणाल्या, पुस्तक इथं नाही, पण मला सगळं पाठ आहे, बैस. मग सगळे शंभर म्हणून घेतले. चुकलं की रागवत नव्हत्या. नुसतं बघत होत्या." राजम्मा आता घाबरायला लागली होती. आईच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. "मी काय चूक केली का, काकू?"

"नाही गं. माझ्याबद्दल काही बोलली?"

राजम्मानं आठवून बघितलं. "मी म्हटलं, तुम्ही एकट्याच कशा राहिलात गावात? तर म्हणाल्या, आई बाहेर गेलीय. येईल आता."

मी ट्रंक उघडली, पुस्तक काढलं आणि राजम्मापुढं ठेवलं. राजम्मानं पुस्तकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आता कशाला?" ती म्हणाली. रागानं नाही. खरोखरच तिला त्याचा उपयोग नव्हता. आईनंही सगळं पाहिलं आणि ती मला एक शब्द बोलली नाही. तिनं त्या दिवशी मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आण्णा माळापलीकडं हलवलेल्या कचेरीत गेल्यावर आईनं किल्ली घेतली. दुपारचा भोंगा वाजून गेला होता. "चल," एवढंच ती म्हणाली. धुळाप्पानं आम्हाला जाताना पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.

कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरवायला आईला दोन्ही हात लावावे लागले. आत बंद घराचा वास होता आणि सगळीकडं बोटभर धूळ. त्या धुळीत राजम्माच्या पावलांचे ठसे होते. उंबऱ्याच्या आतून सुरू झालेले, ओसरी ओलांडून माजघरात गेलेले आणि तसेच परत आलेले. तिथं झरोक्याखाली ती मांडी घालून बसली होती, तेवढी गोल जागा पुसलेली. समोरची धूळ जशीच्या तशी होती. तिथं कुणी बसल्याची, पाय पसरल्याची एक रेघही नव्हती.

आई त्या न मोडलेल्या धुळीपुढं उभी राहिली. मग राजम्मा बसली होती त्याच जागी बसली. उन्हाचा खांब तिच्यापुढं उतरला होता.

"आले गं," आई म्हणाली.

आम्ही ऐकत राहिलो. गल्लीत कुठंतरी पत्रा वाजला. ऊन सरकत सरकत भिंतीवर चढलं आणि निघून गेलं. आई तशीच बसून होती. मला भीती वाटायला हवी होती, पण भीती नव्हती. आईची वाटत होती थोडी. शेवटी ती जमिनीवर हात टेकून उठली, पदरानं डोळे पुसले आणि दाराला कुलूप घातलं. परतताना वाटेत म्हणाली, "तिला मीच पाठवलं होतं गं अक्कलकोटला. ती नको म्हणत होती." त्यानंतर त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

त्या संध्याकाळी आण्णा जेवायला बसल्यावर तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "हिचं लग्न एवढ्यात करायचं नाही. शिकेल तेवढं शिकू दे."

"त्या बार्शीच्या मंडळींना मी शब्द दिलाय," आण्णा म्हणाले.

"तो परत घ्या."

आईला आण्णांशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आण्णांनीही ऐकलं नसावं. नंतर बार्शीहून कुणी आलं नाही.

ज्येष्ठात गाव पुन्हा भरलं. सगळेच परतले नाहीत. बक्षीस समारंभ शाळेच्या अंगणात झाला, कुणी एक गोऱ्या मडमबाई आल्या होत्या, त्यांना उकाड्यानं भोवळ आली. राजम्माला मेडल मिळालं. मला लाकडी पेन्सिलपेटी मिळाली आणि बाईंनी माझं नाव वाचताना 'रनर-अप' म्हटलं. राजम्मा पुण्याला निघाली तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. तिचा बाप प्लॅटफॉर्मवर तिची वळकटी छातीशी धरून उभा होता, गाडी हलेपर्यंत त्यानं ती खाली ठेवली नाही. मी खिडकीशी जाऊन म्हणाले, "मी तुझ्याशी खोटं बोलले होते." ती म्हणाली, "बरं झालं की." पुढं ती हैदराबादकडं शिक्षिका झाली. तिची पत्रं यायची, इंग्रजीत, एकही चूक नसलेली. अक्काबद्दल तिनं एकाही पत्रात लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी सोलापुरातच मॅट्रिक झाले. माझ्या शाळेची वर्षं ह्या गावात, त्या घरात गेली. त्यातलंच पहिलं वर्ष असेल. एक दिवस आईनं मला बोलावलं आणि पुस्तक पुढं टाकलं. "मला शिकव," ती म्हणाली. तिला मराठीसुद्धा अडखळत वाचता येत होतं. पण ती इंग्रजी शब्द शिकली, पाठ करून, एकेक. भाकऱ्या थापताना म्हणायची, दळताना म्हणायची. सहा महिन्यांत तिचे शंभर झाले. उच्चार स्वच्छ होते. माझ्यापेक्षाही.

मग कधी मी शाळेतून लवकर आले की मला दिसायचं. दुपारची कामं उरकून आई झरोक्याखाली एकटी बसलेली असायची आणि मोठ्यानं शब्द म्हणत असायची. आणि चुकत असायची. 'प्राइज'ला 'प्राइस' म्हणायची, 'विन'ला 'वीण'. प्रत्येक चुकीनंतर थांबायची. बराच वेळ, समोर बघत. मग पुढचा शब्द, तोही चुकीचा.

एकदा मला राहवलं नाही. मी दारातून म्हणाले, "आई, प्राइज. झ. तुला तर येतं की."

ती वळली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"तू नको गं सांगूस," ती म्हणाली.